राजाची सही आणि इतिहासाची साक्ष



ज्या राजसत्तेचे जोखड आपण १९४७ साली मानेवरून उतरवले, त्या ब्रिटिश राजघराण्याची पत्रे, सह्या आणि स्मरणवस्तू जमवण्याच्या छंदाविषयी येथे बोलण्याचे प्रयोजन काय, अशी शंका आपल्यापैकी कित्येकांच्या मनात आली असेल. शंका रास्त आहे. राजनिष्ठेचे गोडवे गाण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. आमचे म्हणणे एवढेच की, राजाची सही ही पूजेची वस्तू नव्हे, तो एक साक्षीदार आहे. साक्ष आधी पारखावी लागते आणि मग जपावी लागते. ही दोन्ही कामे जो करतो तो संग्राहक. बाकीचे सारे नुसते हौशी गिऱ्हाईक.

प्रथम पारखीचे पाहू. राजाच्या नावाने आलेले पत्र राजाने लिहिलेले असतेच असे नाही. आपल्याकडील जुन्या राजपत्रांतही मजकूर कारकुनाचा आणि शिक्का राजाचा असे. तोच प्रकार तिकडेही आहे. काही पत्रे सर्वस्वी स्वदस्तुरची, काहींत मजकूर चिटणिसाचा व खाली सही राजाची, तर काहींत राजाचा हातच नाही. दुसऱ्या एलिझाबेथ राणीला मुले जी पत्रे पाठवीत, त्यांची उत्तरे बहुधा तिच्या पदरच्या मानकरी स्त्रिया लिहीत. अशा उत्तराला घरी मोल आहे. परंतु ते राणीचे अक्षर नव्हे.

याहून फसवा प्रकार छापील हस्ताक्षराचा. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, जर्मनांच्या कैदेतून सुटलेल्या सैनिकांना पाचव्या जॉर्जचे स्वागतपत्र मिळाले. वर बकिंगहॅम राजवाड्याचे नाव, खाली राजाच्या हातचे अक्षर, शेवटी सही. घरोघरी ते राजाने आपल्या आजोबांना स्वहस्ते लिहिले म्हणून चौकटीत बसवले गेले. वास्तविक ते एकाच पत्राचे शिळाछाप होते. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! बरे, यात कोणी ठकवले असेही नाही. हजारो सैनिकांना हाताने लिहिणे कोणालाही शक्य नव्हते. परीक्षा सोपी आहे. भिंग घेऊन पाहावे. लेखणीची शाई कोठे दाट तर कोठे विरळ असते, एक रेघ दुसरीवरून गेली की तेथे काळोखी वाढते. छापील रेघ मात्र सर्वत्र सारखी सपाट असते.

आता सहीच्या शेवटी येणाऱ्या दोन अक्षरांकडे वळू. कारण तेथे आपला संबंध येतो. इंग्लंडचा राजा नावापुढे 'आर' हे अक्षर लिहितो. लॅटिन भाषेत राजा तो 'रेक्स' आणि राणी ती 'रेजिना'. १८७६ च्या कायद्याने व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी ही पदवी मिळाली, १८७७ च्या पहिल्या दिवशी दिल्लीस तिचा पुकारा झाला, आणि राणी आपल्या सहीत 'आय' हे दुसरे अक्षर जोडू लागली. 'आय' म्हणजे इम्पेरेट्रिक्स, सम्राज्ञी. पुढे सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज, आठवा एडवर्ड आणि सहावा जॉर्ज या चौघांनी ते अक्षर चालवले. म्हणून तारीख नसलेल्या कागदाचा काळ ठरवताना जाणकार आधी हे अक्षर शोधतो.

१९४७ च्या ऑगस्टात सहाव्या जॉर्जने आपल्या आईला, राणी मेरीला, पत्र लिहिले. त्या सहीत 'आय' नव्हता. त्या वृद्धेने लिफाफ्याच्या पाठीवर टिपून ठेवले की, मुलाने हे अक्षर गाळून लिहिलेले हे पहिलेच पत्र, आणि याचे आपल्याला फार वाईट वाटते. पदवी सोडल्याची रीतसर घोषणा १९४८ च्या जूनमध्ये झाली. पण घरातल्या पत्रात ते अक्षर आधीच गेले होते. आपल्याकडे ज्या दिवसांत रस्तोरस्ती तिरंगे लागले होते, त्याच दिवसांत तिकडे एक आई मुलाच्या सहीतले न लिहिलेले अक्षर पाहून खिन्न होत होती. एकाच घटनेची ही दुसरी बाजू. ती आपल्याला गोड वाटो वा न वाटो, ती साक्ष आहे, आणि ती केवळ लिफाफा जपल्यामुळे उरली.

येथे पूर्वीच्या संग्राहकांचा एक मोठा अपराध सांगितला पाहिजे. एकोणिसाव्या शतकात पत्राच्या तळाची सही कात्रीने कापून वहीत चिकटवायची चाल पडली होती. उरलेला कागद केराच्या टोपलीत! नथ ठेवून नाक कापण्यातलाच हा प्रकार. सही राहिली, पण कोणी, कोणाला, कशासाठी लिहिले ते सारे गेले.

कागदाची घडीदेखील बोलते. स्कॉटलंडची राणी मेरी हिने ८ फेब्रुवारी १५८७ च्या पहाटे, शिरच्छेदापूर्वी काही तास, फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री या आपल्या दिराला शेवटचे पत्र लिहिले. आपल्या नोकरांचा पगार चुकता व्हावा, ही विनंती त्यात आहे. तेव्हा लिफाफे नव्हते. त्याच कागदाची एक पट्टी कापून, ती फटींतून ओवून पत्र बंद केले जाई. म्हणजे वाटेत कोणी उघडले तर कळावे. मेरीच्या पत्राचे हे कुलूप संशोधकांनी २०२१ साली उलगडून दाखवले. कोणा उत्साही माणसाने तो कागद इस्त्री करून पुठ्ठ्यावर डकवला असता, तर हे कधीच कळले नसते. १९१८ मध्ये वर्गणीदारांनी ते पत्र स्कॉटलंडला अर्पण केले. आज ते तेथील राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

स्मरणवस्तूंनाही हाच नियम लागू. १९१४ च्या नाताळात सतरा वर्षांच्या राजकन्या मेरीच्या नावे सैनिकांना पितळी डब्या वाटल्या गेल्या. चार लाखांवर डब्या नाताळच्या दिवशीच पोहोचल्या. तंबाखू निषिद्ध म्हणून शिखांसाठी खडीसाखर आणि मसाल्याची डबी दिली होती. अशा डब्या विपुल आहेत. पण डबीबरोबर ती कोणाला मिळाली याचे कागद असतील, तर ती पितळ न राहता हकीकत होते. याउलट, १९९८ साली न्यूयॉर्कच्या लिलावात आठव्या एडवर्डच्या १९३७ मधील लग्नाच्या केकचा तुकडा २९,९०० डॉलरना गेला. केकला किंमत आली खरी, पण साक्ष काय ती? ज्या लग्नापायी त्याने १९३६ च्या डिसेंबरात राज्य सोडले, त्याचे बोलके साधन म्हणजे तिघा भावांच्या साक्षी असलेला राजत्यागाचा लेख. तो सरकारी अभिलेखागारात आहे.

आता मुख्य मुद्दा. राजवाड्याचे दप्तर विंडसरच्या किल्ल्यात उत्तम जपलेले आहे. परंतु ते घराण्याचे खाजगी दप्तर आहे, आणि घर आपली अब्रू जपतेच. व्हिक्टोरियाने १८३२ पासून मरेपर्यंत रोजनिशी लिहिली. तिच्या पश्चात धाकटी कन्या बिअ‍ॅट्रिस हिने आईच्या सांगण्यावरून तिची निवडक नक्कल १११ वह्यांत उतरवली आणि मूळ वह्या नष्ट केल्या. १८४० च्या फेब्रुवारीपर्यंतच्या भागाची वेगळी नक्कल सुदैवाने आधीच झालेली होती. म्हणून काय गाळले गेले याचा थोडा अंदाज येतो.

दुसरे उदाहरण आपल्या देशबांधवाचे. आग्र्याचा अब्दुल करीम १८८७ मध्ये राणीच्या चाकरीस गेला आणि तिचा मुनशी झाला. त्याच्यापाशी शिकून राणी हिंदुस्थानी लिहू लागली. त्या तेरा वह्या विंडसरला आहेत. १९०१ मध्ये राणी वारली, आणि नव्या राजाच्या हुकुमाने मुनशीजवळची तिची पत्रे जाळण्यात आली. तथापि मुनशीची रोजनिशी त्याच्या नातलगांनी जपली. फाळणीनंतर ती कराचीस गेली आणि या शतकात श्राबणी बसू यांच्या संशोधनामुळे उजेडात आली. दरबाराने जाळले ते गेले. एका साध्या कुटुंबाने ठेवले ते उरले.

म्हणून आम्ही म्हणतो, भिंतीबाहेर गेलेला कागद हा इतिहासाचा जामीन होय. तो ज्याच्या हाती असेल त्याने स्वतःला मालक न समजता विश्वस्त समजावे. इंग्लंडचा कायदाही असेच काहीसे मानतो: पत्राचा कागद विकत घेणाऱ्याचा, पण मजकूर छापण्याचा हक्क लिहिणाऱ्याचा व त्याच्या वारसांचा. कागद कापू नये, डकवू नये, कोठून आला ते लिहून ठेवावे, आणि अभ्यासकाने मागितला तर दाखवावा. कपाटात कुलूपबंद ठेवलेली साक्ष आणि जाळलेली साक्ष यांत अभ्यासकाच्या दृष्टीने फारसा फरक नाही.

आपल्या घरांतही जुने पेटारे आहेत. त्यांत राजाचे पत्र नसेल, एखाद्या सैनिकाचे, शिक्षकाचे, आजीचे असेल. रद्दीवाला दारात येण्यापूर्वी ते एकवार वाचून पाहावे, इतकीच आमची विनंती.