वऱ्हाडांतील घराला कांचेची पडवी

घर बांधून दहापंधरा वर्षें झालीं, मुलें मोठीं झालीं, हातीं थोडा पैसा आला, म्हणजे अमरावती-अकोल्याच्या सुशिक्षित कुटुंबांत एखाद्या संध्याकाळीं घर वाढविण्याची गोष्ट निघते. विलायती मासिकांतील चित्रें पाहिलेलीं असतात: घराला लागून कांचेची खोली, आंत फुलझाडें, वेताच्या दोन खुर्च्या, चहाचें सामान. आपल्याही घराला अशी खोली असावी असें गृहिणीला वाटतें, आणि गृहस्थ दुसऱ्याच दिवशीं सांगाडा करणाऱ्या कारागिराकडे भाव विचारावयास जातो. वस्तुतः भाव विचारण्याची वेळ सर्वांत शेवटीं यावयास हवी.

ही खोली कोणत्या गरजेपोटीं जन्मली हें आधीं ध्यानांत घेतलें पाहिजे. युरोपांत संत्र्या-लिंबांच्या जातीचीं झाडें हिवाळ्याच्या हिमांत तग धरीत नसत. तेव्हां तेथील श्रीमंत लोक कुंड्यांतील हीं झाडें थंडीपुरतीं मोठमोठ्या खिडक्यांच्या इमारतींत नेऊन ठेवीत. त्या इमारतींचें नांवच मुळीं संत्र्यावरून पडलें. पुढें १८४५ सालीं इंग्लंडांत कांचेवरील कर उठला, १८५१ सालीं लंडनच्या प्रदर्शनासाठीं जोसेफ पॅक्स्टन यानें कांचेचा प्रचंड महाल उभा केला, आणि मग मध्यम स्थितींतील घरांनाही कांचेच्या खोल्या चिकटूं लागल्या. आतां वरूड-मोर्शीकडे पहावें. तेथें संत्रीं उघड्या रानांत पिकतात! ज्या झाडाच्या रक्षणासाठीं ही खोली निघाली, त्यालाच वऱ्हाडांत तिची गरज नाहीं. मग माणसाला ती कशी मानवावी?

कांचेंतून ऊन सहज आंत येतें. परंतु आंत तापलेल्या फरशीची उष्णता कांच तितक्या सहज बाहेर जाऊं देत नाहीं, आणि गरम झालेली हवाही कोंडून राहते. लंडनांत जो गुण, तोच अकोल्यांत दोष. कारण अकोल्यांत मे महिन्यांत सावलींतला पारासुद्धां ४५ अंशांच्या वर जातो. हीं दोन्ही शहरें सुमारें २१ अक्षांशांवर वसलेलीं आहेत. त्यामुळें मेच्या अखेरच्या आठवड्यांत व पुन्हां जुलैच्या तिसऱ्या आठवड्यांत सूर्य भर दुपारीं नेमका डोक्यावर येतो. म्हणजे उन्हाळ्यांतील कडक ऊन भिंतींपेक्षां छपरावर अधिक पडतें. सबब कांचेच्या छपराचा विचार वऱ्हाडांत सोडूनच द्यावा. छप्पर कवेलूंचें असो वा सिमेंटचें, तें अपारदर्शकच असावें, वर चुन्याचा पांढरा हात द्यावा, आणि कांच उभ्या भिंतींतच घालावी.

तीही कोणत्या भिंतींत? दक्षिणेच्या. डिसेंबरांत दुपारचा सूर्य दक्षिणेकडे झुकून क्षितिजापासून सुमारें ४६ अंशांवरच असतो. छपराची वळचण तीन फूट पुढें काढली, तर त्या दिवसांत तिची सावली भिंतीवर सुमारें तीनच फूट उतरते आणि त्याखालील कांचेंतून हिवाळ्याचें हवेंसें ऊन आंत येतें. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यांत तीच सावली पावणेआठ फुटांपर्यंत येते व सारी कांच झांकली जाते. कोणतीही कळ फिरवावी लागत नाहीं. सूर्यच हें काम करतो. पूर्वेसही थोडी कांच चालेल. पश्चिमेस मात्र मुळींच नको. तिसऱ्या प्रहराचें तिरपें ऊन वळचणीला दाद देत नाहीं. तेथें विटांची जाळी, तिला वाळ्याचे पडदे, आणि बाहेर मधुमालतीचा मांडव, हाच उपाय.

चिखलदऱ्याची गोष्ट निराळी. समुद्रसपाटीपासून सुमारें ११०० मीटर उंचीवरील त्या थंड गांवीं, जेथें कॉफीही होते, एखाद्या बंगल्याला कांचेची पडवी शोभेल आणि उपयोगीही पडेल. पण चिखलदऱ्याचा नकाशा अकोल्यास आणूं नये.

आणखी एक गोष्ट नकाशा काढणाराच्या सहसा लक्षांत येत नाहीं, आणि ती म्हणजे कूलर. वऱ्हाडांतील बहुतेक घरांचा उन्हाळा खिडकींतील कूलरवर निभतो. कूलर बाहेरची कोरडी हवा ओढतो व ओल्या ताट्यांतून आंत सोडतो. त्याच खिडकीपुढें कांचेची बंद पडवी उभी राहिली, तर त्याला कोरड्या वाऱ्याऐवजीं पडवींतील कोंडलेली, तापलेली हवा मिळेल, आणि नव्या खोलीच्या पायीं जुनें घर राहण्याजोगें उरणार नाहीं. म्हणून कूलरची खिडकी मोकळ्या हवेवरच राखावी, आणि पडवीला छपरालगत उघडणारे झरोके ठेवावे.

आतां जमिनीकडे वळूं. खरा धोका येथें आहे. वऱ्हाडची काळी माती कापसाला जितकी उपकारक, तितकी पायाला वैरी. तिच्यांतील मॉन्टमोरिलोनाइट नांवाचें खनिज पाणी पिऊन फुगतें आणि उन्हाळ्यांत आकसतें. शेतांतील भेगांत हात शिरतो तो याचमुळें. जुन्या घराच्या खालची माती बरीचशी एका स्थितीला आलेली असते. त्याला लागून दोन फूट पायाची हलकी पडवी बांधली, कीं पावसाळ्यांत ती उचलली जाते व उन्हाळ्यांत खचते. दोहोंच्या सांध्यांत चीर पडते, सांगाडा पिळवटतो, आणि कांच तर वांकणारी वस्तूच नव्हे. गिलावा कितीही वेळां भरला तरी ती चीर दरसाल उघडते.

मुरूम जवळ लागत असेल तर पाया तेथवर न्यावा. मातीचा थर खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें रूढ केलेले, तळाशीं फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब घालतात. त्यांची खोली निदान साडेतीन मीटर असावी लागते, कारण त्याखालीं ऋतूंचा परिणाम फारसा पोंचत नाहीं. खांबांवरील तुळई जमिनीवर टेकवूं नये. खालीं तीन इंचांची पोकळी सोडावी, म्हणजे फुगलेली माती तिला उचलणार नाहीं. आणि गवंडी कितीही आग्रह करो, नव्या भिंतीचे दाते जुन्या भिंतींत अडकवूं देऊं नयेत. दोहोंमध्यें बोटभर सांधा मोकळा ठेवून तो लवचिक द्रव्यानें भरावा. दोन्ही बांधकामांना आपापल्या गतीनें हलूं द्यावें.

याच कारणास्तव पडवीच्या आंत मातीचा वाफा करूं नये. रोजचें शिंपण भिंतीच्या मुळाशीं मुरतें. झाडें कुंड्यांतच असावीं. भोंवतीं फरसबंदी करून पावसाचें पाणी दूर न्यावें. निंब सावलीला उत्तम खरा, पण त्याच्या पूर्ण वाढीच्या उंचीइतकें अंतर घरापासून राखावें; नाहींतर त्याच्या मुळ्या पायाखालची ओल शोषून घेतात.

कुंड्यांना पाणी कोणतें, हाही प्रश्न आहे. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत बोअरचें पाणी क्षारयुक्त असतें. तें घातल्यानें कुंडींतील मातीवर पांढरी खपली धरते आणि नेचे, मोगरा हळूहळू जळतात. दोनशें चौरस फूट छपरावर वर्षाचा तीस इंच पाऊस पडला, तर वाया जाणारें वगळूनही सुमारें ११ हजार लिटर गोडें पाणी टाकींत येऊं शकतें. ही टाकी नकाशांतच दाखवावी.

महानगरपालिकेची परवानगी घ्यावयाची ती खोदाईपूर्वीं. घराच्या बाजूंना किती जागा मोकळी सोडावयाची, हें २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलींत सांगितलेलें आहे, आणि नेमक्या त्याच मोकळ्या जागेंत पडवी काढण्याचा मोह होतो.

खोदाई होळीनंतर करून जोतें व छप्पर मृगापूर्वीं उरकावें. कांचा मात्र लगेच बसवूं नयेत. पावसाळाभर जाळी व पडद्यांवर काम चालवावें, सांध्यावर पेन्सिलीच्या खुणा करून तो किती उघडतो-मिटतो हें दर महिन्यास पहावें, आणि दिवाळीनंतर सांगाडा गुण्यांत आहे अशी खात्री झाली म्हणजे कांचेवाल्यास बोलवावें.