वंशाची वही
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



‘घराण्याचा वारसा’ या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. जन्मभर बाराखडी शिकविलेला मास्तर आज घोड्यांविषयी बोलणार, हे ऐकून कित्येकांना हसू येईल. तथापि आमच्या आजोबांच्या दारी घोड्या बांधलेल्या असत व माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेस ते दरसाल जात. त्यामुळे हा विषय आम्हांस अगदीच परका नाही.

आमचा पुतण्या अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील पुलमन येथे पशुवैद्यकाचा अभ्यास करीत आहे. तेथून सुमारे चार कोसांवर आयडाहो राज्यातील मॉस्को हे गाव लागते. ‘अॅपालूसा’ जातीच्या घोड्यांची वंशनोंद ठेवणाऱ्या संघाची कचेरी व संग्रहालय तेथे आहे. ते पाहून त्याने आम्हांस सविस्तर पत्र लिहिले. त्यानंतर आम्हीही या विषयावर मिळेल ते वाचून काढले.

हा घोडा ओळखण्यास कठीण नाही. अंगावर, विशेषतः पुठ्ठ्यावर, ठिपके. खुरांवर उभे पट्टे. आणि माणसाप्रमाणे डोळ्यातील बुबुळाभोवती दिसणारा पांढरा भाग, ही त्याची लक्षणे होत. पलूस नावाच्या नदीच्या मुलखातला म्हणून त्यास हे नाव पडले. त्या मुलखात राहणारे निमीपू लोक, ज्यांस फ्रेंच व्यापाऱ्यांनी ‘नेझ पर्स’ म्हटले, ते निवडक नर-माद्यांपासून उत्तम घोडे निपजविण्यात निष्णात होते. मेरिवेदर लुईस या प्रवाशाने 1806 साली आपल्या रोजनिशीत त्यांच्या घोड्यांची मनापासून प्रशंसा केली आहे.

पुढे 1863 च्या तहाने या लोकांच्या राखीव मुलखाचा फार मोठा हिस्सा गेला. 1877 साली सरकारी फौजेपासून वाचण्यासाठी सरदार जोसेफ व त्यांचे सोबती बायकामुलांसह हजाराहून अधिक मैल चालत गेले. कॅनडाची सरहद्द सुमारे चाळीस मैलांवर राहिली असता, 5 ऑक्टोबर रोजी जोसेफ यांस शस्त्र ठेवावे लागले. त्यांचे घोडे धरले गेले, विकले गेले, चहूकडे पांगले. कोणती घोडी कोणाची, हे ज्ञान त्या लोकांच्या स्मरणात होते. माणसे आणि जनावरे यांची ताटातूट होताच ते स्मरणही निराधार झाले.

साठ वर्षांनी, 1937 साली, फ्रान्सिस हेन्स या इतिहासाच्या अभ्यासकाने एका मासिकात या घोड्यांवर लेख लिहिला. ऑरेगन राज्यातील मोरो गावचे गव्हाचे शेतकरी क्लॉड थॉम्सन यांनी दुसऱ्याच वर्षी, 1938 साली, संघ स्थापिला. 1947 पासून जॉर्ज हॅटली यांनी त्याचा कारभार पाहिला व त्यांच्या पत्नी आयोला यांनी त्यांस साथ दिली. 1948 साली लुइस्टन येथे पहिले राष्ट्रीय प्रदर्शन भरले. 1975 साली आयडाहोने या घोड्यास राज्याचा घोडा म्हणून मान दिला. बापाने राखलेली घोडी मुलाने पुढे चालवावी आणि तिच्या शिंगराला नातवाने प्रदर्शनात उभे करावे, अशी घराणी तेथे निर्माण झाली.

या इतिहासातील दोन गोष्टी आमच्या मनात घर करून राहिल्या.

पहिली ही की, थॉम्सन यांनी वंश राखण्यासाठी दारे बंद केली नाहीत. त्यांनी फेरास नावाचा अरबी घोडा आणून आपल्या घोड्यांत नवे रक्त घातले. ज्या निमीपूंचा हा मूळ वारसा, त्यांनीही 1990 च्या दशकात आपली घोड्यांची परंपरा पुन्हा उभी करताना मध्य आशियातील आखल-टेके जातीचे घोडे आणले.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ज्या आनुवंशिक बीजामुळे या घोड्यास ठिपक्यांचे वैभव लाभते, ते आई व बाप या दोघांकडूनही आले, तर ते शिंगरू जन्मतःच रातांधळे असते. असा घोडा बहुधा पांढराच दिसतो, अंगावर ठिपके फारच थोडे. परंतु त्याची संतती मात्र हटकून ते बीज घेऊन येते, म्हणून पैदाशीसाठी त्यास मोठी मागणी असते. या बीजातील नेमका फरक कोणता, हे 2013 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. आता घोड्याच्या केसांवरून त्याची परीक्षा होते. म्हणजे जे भूषण, त्याच्याच पोटी अंधत्व! हे वाचले त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. त्याचे कारण आता सांगतो.

आमच्या आत्याला दिवेलागणीनंतर दिसत नसे. घरच्या सर्वांस ते ठाऊक होते. तिला पाहण्याचा कार्यक्रम भर दुपारी ठेवला, मुहूर्तही सकाळचा धरला. मुलाकडच्यांस कोणी काही सांगितले नाही. सासरी गेल्यावर चौथ्या दिवशी संध्याकाळी ती घागरीसह विहिरीच्या पायऱ्यांवर पडली. तीन महिन्यांत ती माहेरी आली, ती कायमची. आम्हांस पहिली अक्षरे तिनेच गिरवून दिली, ती दिवसाउजेडी, ओसरीवर बसून.

आजोबांची मोडीत लिहिलेली एक वही आमच्याजवळ आहे. प्रत्येक घोडीची आई कोण, शिंगरे किती, विकली कोणास, हे सारे तीत आहे. हिरी नावाच्या घोडीपुढे त्यांनी लिहिले आहे : ‘वाहत्या पाण्यास बुजते. घेणारास सांगावे.’

घोडीची खोड घेणाऱ्यास सांगणारा हा सचोटीचा पुरुष पोटच्या मुलीविषयी मात्र गप्प राहिला. त्यांस आम्ही दोष देत नाही. लोकलज्जेपुढे त्यांचे काही चालले नसावे. परंतु आत्याने जन्मभर भोगले ते तिच्या डोळ्यांमुळे नव्हे, त्या मौनामुळे भोगले, असे आमचे मत झाले आहे.

बंधुभगिनींनो, माणसे म्हणजे जनावरे नव्हेत, हे आम्ही जाणतो. दोष असेल त्याचे लग्न होऊ नये, असेही आमचे म्हणणे नाही. रातांधळा घोडा दिवसा उत्तम चालतो. धन्यास ठाऊक असले म्हणजे तो त्यास अंधारापूर्वी ठाणावर आणतो. आमच्या आत्याच्या सासरीही हे ठाऊक असते, तर विहिरीवर तिला संध्याकाळी कोणी धाडले नसते.

आपल्या मंडळाच्या वधू-वर सूचीत कूळ, गोत्र, उंची, वर्ण, शिक्षण हे सर्व छापले जाते. हे आपले ठिपके होत. त्यांचा अभिमान खुशाल बाळगावा. मात्र स्थळ पक्के होण्यापूर्वी दोन्ही घरांनी आपापल्या कुळातील दुखण्यांविषयी, चारचौघांत नव्हे तर वैद्याच्या समक्ष, एकमेकांशी मोकळेपणाने बोलावे, अशी आमची हात जोडून विनंती आहे. आमच्या नातीचे स्थळ पाहणे सुरू आहे. तिच्या टिपणासोबत आत्याची हकीकत आम्ही स्वतः लिहून देत आहोत. दोन ठिकाणांहून नकार आला. तिसऱ्या घरचे लोक म्हणाले, ‘मास्तर, आमच्याकडचेही एक सांगायचे आहे.’

आजोबांच्या वहीत शेवटची काही पाने कोरी होती. त्यांतील पहिल्या पानावर आम्ही आत्याचे नाव लिहिले आहे.