चाकांवरचे बिऱ्हाड



आमचे इन्सुली गाव सावंतवाडी आणि बांदा यांच्या मध्ये, मुंबई-गोवा हमरस्त्यावर आहे. पुढे बांदे मागे पडले की पत्रादेवीला गोव्याची हद्द लागते. हद्द जवळ म्हणून गावात तपासणी नाका, आणि नाका म्हणून थांबलेल्या गाड्यांची रांग. या रांगेतून कोण कुठे चालले आहे ते पाहण्यात आमच्या बालपणाच्या कित्येक दुपारी गेल्या. आंबा, मासळी, चिरे, लग्नाची वऱ्हाडे, दशावताराचे पेटारे, सारे काही याच रस्त्याने जाते. अलीकडे त्यांत एक नवे वाहन दिसू लागले आहे. खिडक्यांना पडदे, टपावर सूर्यशक्तीची तावदाने, मागे टांगलेली बादली, आणि पुढच्या आसनांवर पिकल्या केसांचे एक जोडपे. ही माणसे सहलीला निघालेली नसतात. ती त्या गाडीतच राहतात. नोकरीतून निवृत्त झाल्यावर गाडीलाच घर करून हिंडणाऱ्या अशा माणसांविषयी आज मला आपणांशी बोलायचे आहे.

ही हौस आपल्याकडे नवी असली तरी तिकडे अमेरिकेत जुनी आहे. जॉन स्टाइनबेक हा नामवंत कादंबरीकार १९६० साली, साठीच्या उंबरठ्यावर असताना, खोलीवजा गाडी बांधून घेऊन एका कुत्र्यासह देश पाहायला निघाला. गाडीला त्याने नाव दिले डॉन किहोटेच्या घोड्याचे, रोसिनान्ते. तो काही महिन्यांनी घरी परतला; पण पुढे कायमचेच गाडीत राहणारे इतके वाढले की १९७८ साली जो आणि के पीटरसन या दांपत्याने त्यांच्यासाठी ‘एस्केपीज’ नावाचा संघ काढला. ऑस्ट्रेलियात अशा वृद्धांना ‘करडे भटके’ म्हणतात. आपल्याकडे केरळ आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी २०२१ साली अशा गाड्यांच्या पर्यटनाचे धोरण आखले. ते मुख्यतः चार दिवसांच्या पाहुण्यांसाठी आहे. बारा महिने राहणाऱ्याचा प्रश्न वेगळा. आणि तो मला ठाऊक आहे तो पुस्तकांतून नव्हे, तर आमच्या घरातून.

माझे धाकटे चुलते मुंबईच्या एका शाळेत शिक्षक होते. २०१८ साली अठ्ठावन्न पूर्ण होऊन ते निवृत्त झाले. काकी परिचारिका, तिने त्याच वर्षी स्वेच्छेने नोकरी सोडली. मुलगा पुण्यात मार्गी लागलेला. गावच्या घरात येऊन राहतील अशी आमची समजूत होती, आणि काकांनी डोंबिवलीची जागा विकून एक जुनी तेरा आसनी गाडी घेतली! मुलगा महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. गावात तर ‘मास्तर म्हणे गाडयेत रवतत’ ही बातमी काजूच्या बोंडांच्या वासासारखी पसरली. शेजारची म्हातारी काकीला तोंडावर म्हणाली, “घर आसतांना बिऱ्हाड पाठीर कित्याक?”

काकांचे उत्तर ठरलेले. आपल्या पूर्वजांनी सांगूनच ठेवले आहे की अंगाला सुरकुत्या पडल्या, केस पिकले, नातवाचे तोंड पाहिले की घराबाहेर पडावे. आता वन उरले नाही, रस्ता आहे. मी संस्कृत शिकवीत नसलो तरी एवढे त्यांना सुचवून पाहिले की वानप्रस्थाला डिझेल लागत नसे. त्यावर ते हसले. पण हिशेब त्यांनी केलाच होता. गाडी लिटरला दहा किलोमीटर जाते. म्हणजे हजार किलोमीटरला शंभर लिटर, आजच्या भावाने नऊ हजारांच्या आसपास. तेव्हा महिन्याला हजारांहून अधिक चालायचे नाही. खरे तर याच एका नियमाने त्यांचा प्रवास गोड झाला. घाई नाही म्हणून ते एकेका गावी आठ-आठ दिवस राहिले.

गाडीचे घर करणे मात्र सुताराला बोलावण्याइतके सोपे नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे नोंदणीपुस्तकात लिहिले आहे त्याहून वेगळे रूप गाडीला आपल्या मनाने देता येत नाही. आसने काढली, बिछाना बसविला, तर त्याची रीतसर मंजुरी घ्यावी लागते. काकांचे पाच महिने त्यात गेले. शिवाय पंचावन्न वर्षे उलटली की गाडी चालविण्याचा परवाना पाच-पाच वर्षांपुरताच मिळतो, आणि दर खेपेला डॉक्टरचा दाखला जोडावा लागतो. साठीच्या माणसाने घर विकण्याआधी डोळे तपासून घ्यावेत असे मी म्हणतो ते यासाठीच.

आत जागा ती केवढी? बिछान्याखाली कपडे आणि धान्य, शंभर लिटरांची पाण्याची टाकी, पाच किलोचा गॅस सिलिंडर, दोन जणांची भांडी. काकी म्हणे, “घराक चाकां लागली, म्हणान काय चूल सुटली?” काकांना रोज नवा देखावा दिसे, काकीला रोज नवी पाण्याची जागा शोधावी लागे. शौचाची अडचण ही या जीवनातली सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट. अमेरिकेत गाडीतला मैला रिता करण्याची ठिकाणे ठिकठिकाणी असतात. आपल्याकडे आधार पेट्रोल पंपांचा आणि देवस्थानांच्या भक्तनिवासांचा. पंपावर शौचालयाची सोय असावीच लागते. पण तिला कुलूप असते आणि किल्ली कोणाकडे आहे ते कोणाला ठाऊक नसते. पुढे पुढे काकी गाव निवडताना देऊळ किंवा किल्ला विचारीत नसे, पंप विचारी.

पहिल्या पावसाळ्यात, २०१९ साली, ते घाटमाथ्यापलीकडे कमी पावसाच्या मुलखात राहिले आणि चतुर्थीला गावी आले. कोकणातला माणूस कुठेही असो, गणपतीला घर गाठतोच. दार उघडले तर कौले सरकलेली, माजघरात पाणी, चौकटीला वाळवी. आमच्याकडे शंभर इंचांवर पाऊस पडतो. असे घर एक पावसाळा बंद राहिले की ते माणसावर रुसते. त्या चतुर्थीला गणपती आमच्या पडवीत बसला. काका आरतीला मागे उभे होते. मला वाटते, आपण काय सोडले हे त्यांना त्या दिवशी प्रथम दिसले.

आपले जुने फिरस्ते यात शहाणे होते. संन्याशाला एका गावी फार दिवस राहण्याची मनाई. पण पावसाचे दिवस आले की चातुर्मासात त्यानेही एका जागी थांबायचे.

मग आले २०२०. मार्चअखेर देश बंद झाला तेव्हा गाडी खानदेशातल्या एका लहान गावाच्या वेशीवर होती. सर्वांना घरात राहा म्हणून सांगण्यात आले, आणि यांचे घर वेशीबाहेर उभे! लोक भ्याले. मुंबईची नोंदणी असलेली गाडी, तिच्यात दोन म्हातारे. दोन दिवस कोणी पाणीही देईना. तिसऱ्या दिवशी तिथल्या प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक लांबूनच चौकशी करून गेले, आणि संध्याकाळी त्यांनी शाळेच्या आवाराचे फाटक उघडून दिले. पाण्याची टाकी, शौचालय, चिंचेची सावली. सव्वा दोन महिने दोघे तिथे राहिली. काकी येणाऱ्याजाणाऱ्याचा रक्तदाब पाही, काका फाटकाच्या अलीकडून सातवीच्या मुलांना गणित सांगत. परवाना मिळून ती इन्सुलीस आली तेव्हा मुंबईहून येणाऱ्या प्रत्येकास चौदा दिवस वेगळे राहावे लागत होते. बाकीचे चाकरमानी शाळांतून राहिले. आमचे काका-काकी आमच्याच अंगणात, स्वतःच्या गाडीत. तेवढ्यापुरती सगळ्या गावाला त्यांची युक्ती पटली.

मला मात्र वेशीवरचे ते दोन दिवस विसरता येत नाहीत. पत्ता नसलेल्या माणसाकडे समाज कसा पाहतो ते त्यात दिसले. काकांपाशी निवृत्तिवेतन होते, भाषा होती, मास्तरकी होती. आपल्या राज्यात कितीतरी जमाती पिढ्यान् पिढ्या बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरल्या. त्यांतल्या अनेकांना इंग्रजांच्या १८७१च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरविले आणि तो कायदा जायला १९५२ साल उजाडले. अमेरिकेतही सगळेच हौसेने गाडीत राहत नाहीत. जेसिका ब्रूडर या लेखिकेने २०१७ साली ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात दाखवून दिले की २००८च्या मंदीत सापडलेले कितीतरी वृद्ध गाडीत राहून गोदामांत आणि बिटाच्या सुगीत मजुरी करतात. घर सोडून निघणे वेगळे, आणि घर सुटणे वेगळे.

२०२१च्या नोव्हेंबरात ती पुन्हा निघाली. हयातीचा दाखला आता फोनवर चेहरा दाखवूनही देता येतो, तेवढी एक चिंता मिटली होती. राजस्थान झाले, ओडिशाचा किनारा झाला. पण २०२३च्या सुरुवातीस रात्री समोरच्या दिव्यांभोवती काकांना वलये दिसू लागली. मोतीबिंदू. काकीला गाडी चालविता येत नाही. एका परक्या शहरात रुग्णालयाने ‘जवळचे नातेवाईक कोण?’ असे विचारले तेव्हा काकीने माझे नाव सांगितले आणि मी दोन दिवस प्रवास करून पोचलो. हीच वेळ ओळखून टेक्ससमध्ये लिव्हिंग्स्टनला एस्केपीज मंडळींनी एक सोय केली आहे; थकलेला सभासद तिथे आपल्या गाडीतच राहतो, जेवण आणि देखभाल मात्र त्याला मिळते. आपल्याकडे ती सोय म्हणजे पुतण्या.

आता दोघे गावी, डागडुजी केलेल्या घरात राहतात. काका पासष्टीला आले, एस. टी.चे अर्धे तिकीट काढून ओरोसला, कुडाळला जाऊन येतात. काकीला तर २०२३पासूनच अर्धे तिकीट आहे. निघालात हे चुकले का, असे मी काकीला एकदा विचारले. ती भात वेळीत होती. म्हणाली, “चुकला काय ता माका म्हायत नाय. पण ओडिशात समुद्रार सूर्य उगवतलो बघलंय. हयसर तो बुडताना दिसता.”

गाडी फणसाखाली उभी आहे. बॅटरी उतरू नये म्हणून काका दर रविवारी ती सुरू करतात आणि अर्धा तास आत बसतात. गिऱ्हाईक दोनतीनदा येऊन गेले. काका किंमत सांगतात. ती दर खेपेला थोडी वाढलेली असते.