घासाल तर घसारा वाढेल

(पुण्यात कर्वेनगर येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण. जिल्हा बैठकांत वाचून दाखवण्यासाठी.)



आज आम्ही कापसाच्या भावावर बोलणार नाही. गाडी धुण्यावर बोलणार आहोत. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला पुण्यात बसवायचे आणि गाडी कशी धुवावी ते सांगायचे, हा शहरी चाळा झाला असे कुणाला वाटेल. हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या. मग बाहेर अंगणात उभ्या असलेल्या दोन व्हॅन बघून या.

दोन्ही ओम्नी, दोन्ही २०१२ सालच्या, दोन्ही पांढऱ्या. एक या घरच्या मालकांची, दुसरी आपली, सभांना फिरणारी. दोन्हींचे इंजिन ठणठणीत आहे. गेल्या महिन्यात जुन्या गाड्यांच्या एका दलालाला दोन्ही दाखवल्या. त्याने बॉनेट उघडण्याआधी दरवाजाच्या खालच्या कडेवर टिचकी मारली, टपावर बोट फिरवले, आणि आपल्या गाडीची किंमत शेजारणीपेक्षा ३० हजार रुपयांनी कमी सांगितली. टपावर फिरवलेले बोट पांढरे झाले होते, खडू धरल्यासारखे. ३० हजार म्हणजे किती क्विंटल कापूस, तो हिशेब तुम्हाला आमच्यापेक्षा चांगला येतो. तेवढा कापूस आपण कुणाला विकला नाही. आपल्याच हाताने पुसून टाकला.

ज्या जागेवर आपण बसलो आहोत तिथे एके काळी माळ होता. गावाचे नाव हिंगणे. महर्षी कर्व्यांचा विधवांचा आश्रम १९०० साली या माळावर आला, आणि कर्वे इथून फर्ग्युसन महाविद्यालयात पायी शिकवायला जात. आज त्याच माळावर घरापुढे गाड्या उभ्या आहेत आणि नळाला खडकवासल्याचे पाणी आहे. म्हणून इथली गाडी चकचकीत आणि आपली भकास, असे म्हणून मोकळे होता आले असते. आम्हीही तसेच म्हटले. मग या घरचे काका गाडी कशी धुतात ते दोन रविवार बसून पाहिले. त्यांना लागतात चार बादल्या पाणी. आपण नळी लावून त्याच्या कितीतरी पट सांडतो. खोटे वाटत असेल तर घरी जाऊन मोजा. १५ लिटरची बादली तुमच्या नळीने एका मिनिटात भरत असेल, तर वीस मिनिटांत ३०० लिटर गेले. चार बादल्या म्हणजे ६० लिटर. म्हणजे प्रश्न पाण्याचा नाही. प्रश्न हाताच्या सवयीचा आहे.

आमची सवय काय होती? सभेला पोचण्याआधी गाडी नीट दिसावी म्हणून गळ्यातला गमछा काढायचा आणि कोरडी धूळ झटझट पुसायची. ती धूळ म्हणजे काय असते? मुरमाची, खडीची, वाळूची चुरी. ती रंगापेक्षा कितीतरी कठीण. म्हणजे आपण फडक्याचा पॉलिश पेपर करून गाडीवर फिरवत होतो. रंग असतो तरी केवढा? प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर, सगळे मिळून साधारण वहीच्या एका पानाइतके जाड. त्यात ऊन अंगावर घेणारा वरचा थर निम्म्याहून कमी. पुष्कळ पांढऱ्या व्हॅनींना आणि टेम्पोंना तो पारदर्शक थर नसतोही. रंग म्हणजे सजावट नव्हे भावांनो, रंग म्हणजे पत्र्याची कातडी. ती गेली की पाणी आणि हवा पत्र्याला भिडतात, आणि गंज कुणाची वाट पाहत नाही.

आम्ही शेतकीचे शिकलेले. महाविद्यालयात पानावरच्या मेणावर पाच गुणांचा प्रश्न आम्ही पाठ करून लिहिला आहे. तुम्ही तो न शिकता रोज पाहता. ज्वारीच्या ताटावर बोट ओढा, पांढरी भुकटी निघते. ते मेण आहे. त्या मेणामुळे ताटातले पाणी उन्हात उडून जात नाही, आणि पावसाचे पाणी पानावर न बसता थेंब होऊन ओघळते. ज्वारी कोरड्यात तग धरते, त्याचे एक कारण हे मेण आहे. आता बाजारात गाडीला लावायच्या मेणाची डबी मिळते. तिच्यावर कार्नोबा असे लिहिलेले दिसेल. कार्नोबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागातले ताडाच्या जातीचे झाड. तो भागही आपल्यासारखाच अवर्षणाचा. पाणी उडू नये म्हणून ते झाड पानांवर मेण धरते. माणसे पाने कापतात, वाळवतात, झोडपून मेणाची भुकटी काढतात. एका कोरडवाहू मुलखाचे मेण आपण दुसऱ्या कोरडवाहू मुलखातल्या गाडीला लावायचे, एवढीच ही गोष्ट आहे.

पोळा आठवा. खांदेमळणीला आपण काय करतो? बैल आधी धुतो, मग जू जिथे घासते त्या खांद्याला हळद-तूप चोळतो. बैलाचे अंग कोरड्या विटेने घासणारा माणूस आम्ही पाहिला नाही. गाडीलाही तोच न्याय लावा. आधी पाणी, मग साबण, मग मेण.

आता कृती सांगतो, लिहून घ्या.

गाडी सावलीत घ्या, पत्रा थंड होऊ द्या. तापल्या पत्र्यावर पाणी वाळते आणि बोअरच्या क्षाराचे पांढरे डाग बसतात. पहिली बादली खालच्या अंगाला. मडगार्डच्या आत काळी माती थापून बसलेली असते, ती भिजवून बोटांनी काढा. आपली काळी माती पाणी धरून ठेवते म्हणून रब्बीची मालदांडी ओलीवर पिकते. तीच माती मडगार्डमध्ये तसेच पाणी धरते, आणि तिथे गंज पिकतो. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायची बारीक भोके असतात. ती चिखलाने बुजतात. बारीक काडीने मोकळी करा. दलालाने टिचकी तिथेच मारली होती.

दुसरी बादली टपावरून खाली ओता, नुसते पाणी, हात न लावता. धूळ भिजून निघू द्या. तिसऱ्या बादलीत गाडीचा शाम्पू, डबीवर लिहिला असेल तेवढाच. कपड्यांची पावडर नको. ती मेण धुऊन काढते. चौथी बादली साध्या पाण्याची. मऊ कापड शाम्पूत बुडवा, टपापासून सुरुवात करा, सरळ हात फिरवा, गोल नको. एक भाग झाला की कापड साध्या पाण्यात खळबळा, मग पुन्हा शाम्पूत. काढलेली कचकच साध्या बादलीच्या तळाला बसते. ती ढवळू नका. त्याच बादलीतले वरचे पाणी तांब्याने शेवटी ओतायला ठेवा. चाकांचे फडके वेगळे, ते वर कधी आणायचे नाही. शेवटी मऊ, धुतलेल्या कापडाने पाणी टिपून घ्या.

पक्ष्याची विष्ठा, किडे, झाडाचा चीक दिसला तर खरवडू नका. ओले फडके दहा मिनिटे ठेवा, आपोआप सुटेल. डांबराच्या ठिपक्याला चिंधीवर दोन थेंब टर्पेंटाइन घ्या आणि लगेच धुवा. डिझेलने सगळी गाडी पुसायची एक रीत आहे. तासभर चकाकते, मग धूळ धरते आणि दारांचे रबर खराब करते. ती रीत सोडा. खंडेनवमीला गाडीची पूजा जरूर करा, पण ओला झेंडू आणि हळदीकुंकू बॉनेटवर आठवडाभर वाळू देऊ नका.

आता पॉलिश आणि मेण यांतला फरक. गॅरेजात दोन्हीला पॉलिशच म्हणतात, आणि तिथे फसगत होते. पॉलिश, म्हणजे रबिंग, रंगाचा थर खरवडून चमक काढते. मेण वरून थर देते. पहिले काढते, दुसरे घालते. दर दिवाळीला रबिंग मारणारा माणूस दर दिवाळीला कातडी पातळ करतो. टपावर खडू धरला असेल तर एकदा हलक्या हाताने करा, पुन्हा नाही. पारदर्शक थर आहे की नाही हे पाहायचे असेल तर ते औषध फडक्यावर घेऊन कोपऱ्यात जरा चोळा. फडक्याला रंग लागला तर थर नाही. पांढऱ्या गाडीला त्यासाठी काळे फडके घ्या. वरच्या थराच्या खपल्या निघत असतील तर मेणाने काही होणार नाही. तिथे पेंटरच पाहिजे.

मेण अगदी पातळ लावा. जाड लावले तर वाया जाते. एकेक पत्रा घ्या, धुरकट झाला आणि बोट ओढल्यावर स्वच्छ रेघ उठली की पुसून काढा. काळ्या प्लॅस्टिकला आणि काचेला लावू नका. दोन-तीन महिने टिकते, आपल्या उन्हात त्याहून कमी. पाणी ओतल्यावर थेंब न होता पसरू लागले की मेण संपले असे समजा. निदान मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा लावाच. खरचटून पत्रा उघडा पडला तर त्याच आठवड्यात गंज घासून प्रायमर आणि रंगाचा ठिपका द्या. अंगठ्याएवढे काम पुढे हातभर होते.

आणखी दोन गोष्टी. खताची पोती वाहिली की मागचा तळ धुऊन वाळवा. युरिया हवेतले पाणी ओढतो, पोटॅशमधले क्लोराइड गंजाला हात देते. कीटकनाशक सांडले असेल तर हातमोजे घाला आणि ते पाणी विहिरीकडे, हौदाकडे जाऊ देऊ नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने माणसे गेली. त्याच गाडीत आपण लेकरांना शाळेत सोडतो.

दुष्काळात काय करायचे? गावात टँकर येत असेल तर गाडी धुऊ नका. आणि पुसूही नका. काचा आणि दिवे ओल्या फडक्याने स्वच्छ करा, बाकी धूळ तशीच राहू द्या. नुसती बसलेली धूळ ओरखडा काढत नाही, चोळलेली काढते. धुळीने भरलेली गाडी घेऊन सभेला गेलो तर आपली अब्रू जात नाही. आमची समजूत उलटी होती, तिची किंमत ३० हजार पडली.

शेवटचा मुद्दा. कृषिमूल्य आयोग पिकाचा खर्च काढतो त्यात अवजारांचा घसारा धरतो. तो पुरता धरला जात नाही असे आपण म्हणतो, आणि बरोबर म्हणतो. पण सरकारच्या कागदावरचा घसारा वाढवून मागायचा आणि घरच्या अंगणात गमछ्याने स्वतःच घसारा वाढवायचा, हे एका तोंडाने बोलता येणार नाही. ओम्नी २०१९ पासून कारखान्यातून निघत नाही. आहे तीच टिकवायची आहे. नवी गाडी घ्यायला कर्ज लागते, आणि कर्ज म्हणजे काय हे या बैठकीत कुणी कुणाला सांगायला नको.

म्हणून प्रत्येक जिल्हा बैठकीने आज एवढे ठरवावे. सभेच्या गाडीसाठी एक माणूस नेमावा, दोन बादल्या, तीन फडकी आणि मेणाची एक डबी त्याच्या ताब्यात द्यावी, आणि त्याचा रविवारचा रोज जमाखर्चाच्या वहीत मांडावा. घरच्या माणसाचे काम फुकट धरायची सवय आपल्यालाही लागली आहे. ती इथूनच मोडू.

चहा झाला की अंगणात या. आपली व्हॅन सावलीत घेतली आहे, चार बादल्या भरून ठेवल्या आहेत. गमछे मात्र आत ठेवून या.