ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो?

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)

आजच्या सत्राचा विषय आहे ‘विकेंद्रित तंत्रज्ञान आणि स्वतःच्या ओळखीवरचा ताबा’. विषयाचे नाव वाचून सकाळी काही जणी म्हणाल्या, हे संगणकवाल्यांचे काम, यात आपण काय बोलणार? मीही संगणकाची तज्ज्ञ नाही. समाजकार्याचे शिक्षण घेतले आणि कौटुंबिक हिंसेच्या केसेस पाहू लागले. समुपदेशन केंद्रात समोर येऊन बसणाऱ्या बायकांनीच मला या विषयाकडे ओढत नेले आहे. म्हणून त्यांच्याच बाजूने हा विषय मांडते.

ओळखीचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकात परित्यक्ता बायकांनी स्वतंत्र रेशनकार्ड मागितले. नवऱ्याच्या कार्डावर नाव असले की घराबाहेर काढलेल्या बाईला साखरही मिळत नसे. शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’च्या कार्यक्रमातून सातबाऱ्यावर बायकोचे नाव लावायला पुरुषांना भाग पाडले. अगदी अलीकडे, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लावायचे असे महाराष्ट्र शासनाने ठरवले. कागदावर बाईचे नाव कुठे असावे, कोणाच्या मागे किंवा कोणाच्या पुढे असावे, यासाठी आपण इतकी वर्षे भांडत आलो. आता कागदाची जागा मोबाइलने घेतली आहे, आणि भांडण संपले असे समजून आपण स्वस्थ बसलो आहोत.

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, आणि एका बाईला. ज्याच्याकडे कुठलाच कागद नाही त्यालाही ओळख मिळेल, असे तेव्हा सांगितले गेले. क्रमांक मिळाले, हे खरे. पण तो क्रमांक वापरायचा तर बहुतेक ठिकाणी ओटीपी लागतो, म्हणजे मोबाइलवर येणारा आणि थोड्या वेळापुरताच चालणारा परवलीचा आकडा. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा: आधार बाईच्या नावाचे, पण ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो?

एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एक बाई दोन मुलांना घेऊन घरातून निघाली. ती कुठे राहते हे कोणाला कळू नये म्हणून आम्ही सगळी काळजी घेतली होती. तिच्या नावाचे बँक खाते होते, आधार होते, पॅनकार्डही होते. कागदोपत्री ती स्वतंत्र नागरिक होती. पण बँकेत आणि आधारला नोंदवलेला मोबाइल नवऱ्याचा. ती एटीएममधून पाचशे रुपये काढी आणि संदेश त्याच्या खिशात वाजे. तिने पैसे कधी काढले, किती काढले, शिल्लक किती राहिली, सगळे त्याला कळे. तिला स्वतःच्याच आधारचा पत्ता ऑनलाइन बदलायचा तर ओटीपी त्याला विचारावा लागणार. घर सुटले, पण किल्ली त्याच्याकडेच राहिली.

ही एकटीची गोष्ट नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या सुमारे ५४ टक्के बायकांनीच स्वतः वापरत असलेला मोबाइल आहे असे सांगितले. उरलेल्यांच्या आधारला, बँकेला, गॅसच्या नोंदणीला कोणाचा तरी दुसऱ्याचाच क्रमांक असणार. आणि जिच्या हातात फोन आहे तिचेही सिमकार्ड पुष्कळदा नवऱ्याच्या, भावाच्या किंवा मुलाच्या नावावर असते. सिम ज्याच्या नावावर, त्याला ते बंद करता येते आणि त्याचे दुसरे कार्डही काढून घेता येते.

सरकारही या व्यवस्थेला कसे खतपाणी घालते ते आपण पाहिलेच. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना २०२४ साली आली, महिना पंधराशे रुपये बाईच्या खात्यात. सप्टेंबर २०२५ मध्ये लाभार्थींना ई-केवायसी करायला सांगितले, तेव्हा बाईच्या आधारबरोबर तिच्या नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यावर येणारा ओटीपीही मागितला गेला. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित बायकांनी ओटीपी कोणाचा आणायचा, अशी ओरड राज्यभर झाली, आणि मग कागदपत्रे अंगणवाडी सेविकेकडे देण्याची वाट निघाली. पण जिचा नवरा जिवंत आहे, घरात आहे आणि रोज भांडतो आहे, तिचे काय? तिच्या पंधराशे रुपयांवर त्याच्या संमतीचा शिक्का बसला. रेशनकार्डावर ‘कुटुंबप्रमुख’ असायचा, तोच आता ओटीपीच्या रूपाने परत आला आहे.

आता विकेंद्रित साधनांकडे येऊ. यातले तज्ज्ञ म्हणतात की आपली सगळी माहिती थोड्या कंपन्यांच्या आणि सरकारी खात्यांच्या गोदामात जमा झाली आहे. ती तिथून काढून माणसाच्या स्वतःच्या हातात दिली पाहिजे. हे करण्याचे तीन मार्ग मी सोपे करून सांगते.

पहिला मार्ग म्हणजे एका मोठ्या कंपनीऐवजी अनेक छोट्या जागा. २०१६ साली सुरू झालेले मॅस्टोडॉन असे आहे. त्याला एक मालक नाही. कोणीही, एखादी महिला संघटनासुद्धा, आपला सर्व्हर चालवू शकते, तिथले नियम ठरवू शकते, आणि तरी दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसांशी बोलू शकते, जसे एका कंपनीच्या ई-मेलवरून दुसऱ्या कंपनीच्या ई-मेलला पत्र जाते. नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरच्या कारभारावर नाराज झालेल्या बऱ्याच भारतीयांनी तिकडे खाती उघडली होती.

दुसरा मार्ग म्हणजे माहितीची स्वतःची पेटी. १९८९ साली वेबची कल्पना मांडणारे टिम बर्नर्स-ली यांनीच पुढे ‘सॉलिड’ नावाची रचना सुचवली. आपली माहिती आपल्या पेटीत राहील, कंपनीला जेवढे हवे तेवढेच आपण उघडून दाखवू, आणि नको वाटले तर झाकण बंद करू.

तिसरा मार्ग आपल्या कामाला सर्वांत जवळचा आहे. शाळेचा दाखला आपण ट्रंकेत ठेवतो आणि लागेल तेव्हा दाखवतो. तो कोणाला दाखवला हे मुख्याध्यापकांना कळत नाही, कळण्याचे कारणही नाही. डिजिटल दाखले तसेच असावेत, असा हा विचार आहे. दाखला देणारे कार्यालय त्यावर सही करते, बाई तो आपल्या फोनमध्ये ठेवते, आणि ज्याला दाखवते तो सही खरी की खोटी एवढे तपासतो. त्यातही हवा तेवढाच भाग दाखवता येतो. ‘ही अठरा वर्षांवरील आहे’ एवढेच कळेल, जन्मतारीख, पत्ता, बापाचे नाव कळणार नाही. वेबची मानके ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अशा दाखल्यांचे मानक २०१९ मध्ये जाहीर केले, आणि कुठल्याही मध्यवर्ती कार्यालयावर न विसंबणाऱ्या ओळखक्रमांकांचे २०२२ मध्ये. शेजारच्या भूतानने २०२३ मध्ये याच पद्धतीची राष्ट्रीय ओळख सुरूही केली.

यातले बरेच काही चांगले आहे. आश्रयगृहात येणाऱ्या बाईला ‘मी या योजनेला पात्र आहे’ एवढेच सिद्ध करता आले, गाव आणि सासरचे आडनाव सांगावे लागले नाही, तर आपले निम्मे काम हलके होईल.

पण मैत्रिणींनो, या सगळ्या रचनेत ‘व्यक्ती’ म्हणून जी कल्पिली आहे ती कोण आहे? तिच्याकडे स्वतःचा फोन आहे, तो ठेवायला स्वतंत्र खोली आहे, आणि तिचा परवलीचा शब्द विचारायची कोणाची हिंमत नाही. आपल्याकडे येणारी बाई अशी आहे का? तिचा फोन रात्री तपासला जातो. ती झोपलेली असताना तिचे बोट धरून कुलूप उघडले जाते. सारी ओळख तिच्या फोनमधल्या एका किल्लीत ठेवली, आणि ती किल्ली नवऱ्याने हिसकावली, तर कंपनीपासून सुटून ती पुन्हा घरच्या कैदेत पडली. किल्ली हरवली तर तक्रार करायला कार्यालयही नाही, कारण कार्यालयच नको हेच तर या रचनेचे वैशिष्ट्य. शिवाय काही ठिकाणी नोंदी ब्लॉकचेनवर, म्हणजे खोडता न येणाऱ्या वहीत ठेवतात. ज्या बाईला जुने नाव आणि जुना पत्ता मागे टाकून जगायचे आहे तिच्यासाठी न पुसणारी वही हे वरदान नव्हे.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की बाईच्या बाबतीत ‘वैयक्तिक ताबा’ हा एकटीचा ताबा असून चालत नाही. हे आपल्याला बचत गटाने कधीच शिकवले आहे. पुष्कळ गटांत पेटी एकीकडे असते आणि किल्ली दुसरीकडे. कोणाच्या नवऱ्याने दारू पिऊन पेटी मागितली तरी ती उघडत नाही, कारण किल्ली त्या घरात नसतेच. संगणकाच्या गणितात याला आधार आहे. आदी शामीर या गणितज्ञाने १९७९ साली दाखवून दिले की एका गुपिताचे पाच तुकडे करता येतात, आणि त्यातले कुठलेही तीन जुळले तरच गुपित उलगडते, दोघांकडून काहीच कळत नाही. त्याच कल्पनेवर हरवलेली किल्ली विश्वासातल्या माणसांकडून परत मिळवण्याच्या सोयी आज आहेत. एक तुकडा बहिणीकडे, एक मैत्रिणीकडे, एक कार्यकर्तीकडे. नवरा एकटा उघडू शकत नाही, आणि आपली संस्थाही एकटी उघडू शकत नाही. कोणाकडे तुकडे ठेवायचे हे मात्र त्या बाईने ठरवायचे.

ही साधने गावोगाव यायला वेळ आहे. तोवर हातात आहे ते करू या. केस घेताना पत्ता आणि शिक्षण विचारतो तसे तीन प्रश्न नेहमी विचारावेत: सिम कोणाच्या नावावर? आधारला कोणाचा क्रमांक? बँकेला कोणाचा? आधारचा मोबाइल क्रमांक आधार केंद्रावर स्वतः जाऊन, ठसा देऊन बदलता येतो. त्याला वेगळे कागदपत्र लागत नाही आणि जुन्या क्रमांकावरचा ओटीपीही लागत नाही. हे एक काम आधी केले की पुढची दारे उघडतात. शेवटचे चारच आकडे दाखवणारे आधार, खऱ्या क्रमांकाऐवजी देता येणारा सोळा आकडी आभासी क्रमांक, ठशांना कुलूप लावण्याची सोय, हे सगळे आहे, पण त्या कुलपांची किल्ली नोंदवलेला मोबाइलच आहे. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून आपले संदेश दुसऱ्या कुठल्या यंत्रावर दिसतात का ते पाहावे. मात्र हे सगळे बाई सुरक्षित जागी असताना करावे. घरात असतानाच क्रमांक बदलला आणि त्याच्या फोनवरचे संदेश एकाएकी थांबले, तर मार तिला बसतो.

खासगी फोटो पसरवण्याची धमकी असेल तर ‘स्टॉप एनसीआयआय’ ही २०२१ मध्ये सुरू झालेली सोय माहीत असू द्या. फोटो आपल्याच फोनमध्ये राहतो, त्याचा केवळ गणिती ठसा पाठवला जातो, आणि त्यात सहभागी कंपन्या तो फोटो आपल्याकडे चढू देत नाहीत. तक्रारीसाठी सायबर गुन्ह्यांचा १९३० हा क्रमांक आहे.

आपल्या संस्थांकडेही पाहायला हवे. देणगीदारांना लाभार्थींच्या याद्या लागतात, त्यात नाव, फोन, आधार, कधी फोटोसुद्धा. त्या याद्या कोणाच्या खात्यात आहेत? कार्यकर्ती काम सोडून गेली तर ते खाते कोणाकडे राहते? कंपनीला जो प्रश्न विचारायचा तोच स्वतःला विचारला पाहिजे. गरज नसलेला रकाना फॉर्मवरून काढून टाकणे हेही विकेंद्रीकरणच आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. दिलेली संमती मागे घेता येते, हे त्या कायद्यात आहे. पण संमती बाईची असली पाहिजे, तिच्या वतीने फोन धरणाऱ्याची नव्हे, यासाठी दबाव आपल्यालाच आणावा लागेल. माझ्या मते मागण्या तीन आहेत. बाईच्या कोणत्याही योजनेला पुरुष नातेवाइकाच्या ओटीपीची अट नको. ओटीपीशिवाय, समक्ष येऊन काम होण्याची सोय प्रत्येक तालुक्यात हवी. आणि हिंसाग्रस्त बाईला आधार व बँकेतला क्रमांक एकाच दिवशी, एकाच ठिकाणी, स्वतःच्या जबानीवर बदलून मिळायला हवा.

रेशनकार्डासाठी आपण तहसील कचेरीत बसलो होतो, तेव्हाही पुष्कळांनी विचारले होते की एका कार्डाने काय होणार. आता गटचर्चेला बसू या. सुरुवात प्रत्येकीने स्वतःपासून करावी: तुमचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो?