फावला वेळ कोणाच्या मालकीचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



छंद आणि मनःस्वास्थ्य हा विषय अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेवर पाहून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. महागाई, कंत्राटी कामगार, शेतमालाचे भाव हे प्रश्न बाजूला सारून पेटी वाजवणे, चित्रे काढणे, बाग फुलवणे यांची चर्चा पक्षाच्या व्यासपीठावर कशासाठी? भरल्या पोटाच्या माणसांचा हा विषय, तो त्यांनीच चघळावा. हा आक्षेप नवा नाही. सुमारे शंभर वर्षांपूर्वी व्हिएन्नात तो एका थोर समाजवादी नेत्यानेच घेतला होता आणि त्या आक्षेपातूनच या विषयावरचा एक मोलाचा अभ्यास जन्माला आला.

ऑस्ट्रियात पहिल्या महायुद्धानंतर आठ तासांचा कामाचा दिवस कायद्याने मिळाला होता. हाती आलेला मोकळा वेळ कामगार कसा घालवतात याचा अभ्यास करावा, असे पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या तरुण समाजवादी सहकाऱ्यांच्या मनात होते. तेथील सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते ओटो बाउअर यांनी त्यांना फटकारले. लाखो हात रिकामे बसले असताना फावल्या वेळाचा अभ्यास कसला करता, बेकारीचा करा, असे त्यांचे म्हणणे. मंडळींनी ते मानले आणि १९३१ च्या अखेरीस व्हिएन्नापासून जवळच असलेल्या मारिएन्थाल नावाच्या गावात जाऊन ठाण मांडले. सुमारे दीड हजार वस्तीचे ते गाव एकाच कापड-कारखान्यावर जगत होते, आणि तो कारखाना १९३० पर्यंत पूर्ण बंद पडलेला होता. मारी याहोडा, लाझार्सफेल्ड आणि हान्स त्सायझेल यांचे त्यावरील पुस्तक १९३३ मध्ये निघाले.

तेथे जे आढळले ते बाउअर यांनाही अपेक्षित नसावे. दिवसाचे चोवीस तास मोकळे झालेल्या माणसांनी अधिक वाचायला हवे होते, अधिक गायला हवे होते. घडले उलटेच. गावात कामगारांचे वाचनालय होते, त्याची वर्गणीही माफ करण्यात आली होती. तरी १९२९ ते १९३१ या काळात तेथून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. मंडळे-संस्था ओस पडू लागल्या. पक्षाच्या मुख्य दैनिकाचे वर्गणीदार १९२७ ते १९३० या काळात ६० टक्क्यांनी घटले. हलक्याफुलक्या पत्राचे मात्र २७ टक्क्यांनीच. (पक्षपत्रे चालवणाऱ्यांनी हा आकडा अवश्य ध्यानात ठेवावा.) रस्त्यावरून जाणारे पुरुष पुन्हा पुन्हा थांबत, रेंगाळत, दिवसभरात काय केले असे विचारले, तर उठलो, जेवलो, झोपलो यापलीकडे त्यांना फारसे आठवत नसे. काम गेल्याबरोबर वेळाचा सांगाडाच कोसळला होता. रिकामा वेळ आणि फुरसत या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा या अभ्यासाचा खरा निष्कर्ष. फुरसत कामाच्या शेजारीच नांदते. पोटाची निश्चिती नसेल, तर तिची जागा केवळ पोकळी घेते.

तथापि याच पुस्तकात एक छोटी नोंद अशी आहे की ती वाचून थांबावेसे वाटते. बेकार कुटुंबांकडे भाजीपाल्यासाठी जमिनीचे लहान तुकडे होते. बटाट्याचा एकेक कंद मोलाचा असतानाही कित्येकांनी त्या तुकड्यांतले काही वाफे फुलांसाठी राखले होते. ट्यूलिप, गुलाब, कार्नेशन. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातला विवेकी माणूस असे कधी करणार नाही. मारिएन्थालच्या उपाशी माणसाने ते केले. ज्या गावात बाकी सारे काही मालकाच्या आणि मंदीच्या मर्जीवर गेले होते, तेथे त्या वाफ्यात काय लावायचे हे ठरवणारा तो एकटा होता. छंदाचा मनाशी जो संबंध आहे, त्याचे मूळ बहुधा येथेच सापडेल.

मुंबईच्या गिरणगावाला मारिएन्थालची ही गोष्ट परकी वाटू नये. दहा-बारा फुटांच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे कोकणचे आणि घाटावरचे चाकरमानी, खानावळीचा डबा, साच्यांचा खडखडाट. आणि याच वस्तीत भजनी मंडळे, शक्ती-तुरा, नमन, दशावतार, गणेशोत्सवातली नाटके. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. तिने परळला उभारलेल्या दामोदर नाट्यगृहात कोकणच्या लोककलांना मुंबईतले हक्काचे घर मिळाले. १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्यातून कामगार कल्याण केंद्रे आली, नाट्यस्पर्धा आल्या. अण्णाभाऊ साठे यांनी १९४४ मध्ये अमर शेख आणि गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. नारायण सुर्वे यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ मध्ये आला. या नावांचा गौरव वारंवार होतो आणि तो योग्यच आहे. परंतु येथे प्रश्न प्रतिभावंतांचा नाही. पाळी सुटल्यावर पखवाज घेऊन बसणारा, ज्याचे नाव कोणत्याही इतिहासात येणार नाही आणि ज्याचा हात तालात थोडा कच्चाच होता, त्या माणसाचा आहे. साच्यापुढे तो हजेरीपटावरचा एक क्रमांक असे. पखवाजापुढे त्याला नाव होते. चूक झाली तर ती त्याची होती, आणि साधले तर तेही त्याचेच.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्याच मागे घेतल्या गेल्या. त्यानंतर किती नोकऱ्या गेल्या आणि जमिनीचे काय झाले, याचा हिशेब पुष्कळांनी मांडला आहे. पखवाज कोणत्या खुंटीला टांगला गेला, याचा हिशेब कोणी मांडला नाही. दामोदर नाट्यगृह २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झाले, तेव्हा लोककलावंतांनी आवाज उठवला. एका सभागृहासाठी एवढा आकांत कशाला, असे ज्यांना वाटले त्यांना जागेची किंमत कळते. तिचे मोल कळत नाही.

आता विज्ञान काय म्हणते तेही पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांच्या संबंधावरील तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. चिंता, नैराश्य, एकाकीपणा यांबाबत कलेचा उपयोग होतो, असा त्याचा रोख आहे. २०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात १६ देशांतील ६५ वर्षांवरील ९३,२६३ व्यक्तींच्या माहितीचे विश्लेषण आले. ज्यांना छंद होता त्यांच्यात नैराश्याची लक्षणे कमी, तर समाधान आणि स्वतःच्या आरोग्याविषयीची भावना अधिक आढळली. अमेरिकेत २०१६ मध्ये गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना पाऊण तास चित्रे, कोलाज, मातीकाम करू दिले. सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित असलेले संप्रेरक, कमी झालेले आढळले. विशेष म्हणजे पूर्वी कला शिकलेले आणि कधीच ब्रश न धरलेले यांत फरक दिसला नाही. कच्च्या हाताच्या पखवाजवाल्याची बाजू येथे प्रयोगशाळेने घेतली आहे.

अर्थात ३९ माणसांवरून सिद्धान्त उभारू नये. त्या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता. शिवाय आरोग्य चांगले म्हणून छंद जमतो की छंदामुळे आरोग्य चांगले राहते, हा गुंता मोठ्या आकड्यांनीही पुरता सुटत नाही. त्या १६ देशांच्या पाहणीतला दुसरा आकडा अधिक बोलका आहे: डेन्मार्कमध्ये ९६ टक्के वृद्धांना काही ना काही छंद होता, स्पेनमध्ये ५१ टक्क्यांना. छंद ही जर निव्वळ व्यक्तीच्या आवडीची बाब असती, तर देश बदलताच तिचे प्रमाण असे निम्म्यावर कसे येते? आवड माणसाची असते. तिला लागणारा वेळ, पैसा, जागा आणि निश्चिंतता समाजाने घडवलेली असते.

वेळाच्या या वाटणीचा इतिहास भारतात लढ्यांचाच इतिहास आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. प्रौढ पुरुषांच्या दिवसाला बारा तासांची मर्यादा पडायला १९११ उजाडले; पुढे १९२२ मध्ये अकरा, १९३४ मध्ये दहा, आणि १९४८ च्या कारखाना कायद्यात दिवसाला नऊ व आठवड्याला ४८ तास अशी ती उतरत आली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने तर १९२४ मध्ये फावल्या वेळाच्या विनियोगावर स्वतंत्र शिफारसच केली, आणि त्या वेळावर मालकाची वा अन्य कोणाची सक्ती नसावी, अशी दक्षताही तीत घेतली. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, जादा कामाचा मोबदला मिळेल, मग तक्रार कसली, असा त्यावर युक्तिवाद होतो. अंकगणितात बारा चोक अठ्ठेचाळीस हे खरेच. परंतु मंगळवारी संध्याकाळी सात वाजता भरणाऱ्या भजनी मंडळाला अंकगणित उपयोगी पडत नाही. त्याला सात माणसांची एकच संध्याकाळ लागते. वेळ केवळ किती मिळतो याला महत्त्व नाही. तो कधी मिळतो आणि कोणाबरोबर मिळतो, यालाही आहे. वाहनावरून घरोघरी डबे पोहोचवणाऱ्या तरुणाला कामाचे तास ‘निवडण्याची’ मुभा आहे असे सांगतात. त्याच्या संध्याकाळी मात्र फोनच्या घंटीने चिरफाळलेल्या असतात.

स्त्रियांच्या बाबतीत तर हा प्रश्न कायद्याच्या कक्षेतही येत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-विनियोग पाहणीनुसार घरच्या बिनमोल कामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यावर रोज सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात, पुरुष ८८ मिनिटे. महाराष्ट्रातील स्त्रीने तरीही निर्मिती केली. फुरसत नव्हती म्हणून तिने ती श्रमाच्या पोटातच केली. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित झाल्या आहेत. सासर, माहेर, नवऱ्याचा मार, विठ्ठल, बाबासाहेब. जे कोणापाशी बोलता येत नव्हते ते दगडापाशी बोलले गेले. पिठाची गिरणी आली आणि पहाटेचे ते कष्ट सुटले, ही निःसंशय चांगली गोष्ट झाली. जात्याचे गोडवे गाणाऱ्यांनी ते एकदा ओढून पाहावे. पण वाचलेला तास तिच्या पदरात पडला नाही, तो दुसऱ्या कामाने गिळला. आणि मन मोकळे करण्याची जागा तेवढी गेली. मारिएन्थालच्या अभ्यासकांनाही हाच भेद दिसला होता. पुरुष रेंगाळत असत, स्त्रिया मात्र लगबगीने जात, कारण कारखाना बंद पडला तरी चूल बंद पडली नव्हती.

बाजाराने हा विषय केव्हाच हेरला आहे. रंगवायच्या वह्या, तयार साहित्याचे खोके, कर्मचाऱ्यांच्या ‘मनःशांती’साठी कंपनीने भरवलेला तासाभराचा वर्ग. कामाचा ताण ठेवायचा तेवढा ठेवून त्यावर रंगांचा लेप लावायचा, असा हा प्रकार. दुसऱ्या बाजूने, छंद हाच औषध असल्याचा प्रचारही घातक आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक विकार असल्याचे आढळले आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना होते. गंभीर नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला बासरी शिका असे सांगणे म्हणजे मोडलेल्या पायाने फेरफटका मारा असे सांगणे. त्याला डॉक्टर हवा, आणि तो तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात हवा.

चळवळीनेही स्वतःकडे पाहिले पाहिजे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने महाराष्ट्राला पुष्कळ दिले; पुण्यात माळीकाम करणारे निळू फुले त्या परंपरेतूनच पुढे आले. परंतु कलेची उपयुक्तता मोजताना नजर नेहमी प्रेक्षकांवर राहिली: किती लोक जमले, किती मते वळली. ढोलकी वाजवणाऱ्याचे काय झाले, हे विचारले गेले नाही. पूर्णवेळ कार्यकर्त्याने पेटी काढली तर ती प्रचारगीतासाठीच असावी, नाहीतर तो काळाचा अपव्यय, अशी एक न लिहिलेली शिस्त होती. काही ठिकाणी अजूनही आहे. या शिस्तीने अनेक प्रामाणिक माणसे ऐन उमेदीत कोरडी, चिडकी आणि एकाकी झाली. पराभव झाला की त्यांच्यापाशी पराभवाखेरीज दुसरे काहीच उरत नसे.

तेव्हा करायचे ते लहानच आहे आणि आजपासून करता येईल. संघटनांच्या मागणीपत्रकात कामाच्या तासांबरोबर एकत्र मिळणाऱ्या सुटीची मागणी असावी. पालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांच्या खोल्या संध्याकाळी वस्तीला मिळाव्यात, यासाठी अर्ज, शिष्टमंडळ, लागल्यास धरणे. कल्याण केंद्रांचे दरवाजे कंत्राटी आणि असंघटित कामगारांसाठी उघडावेत. आणि पक्षाची जी कार्यालये सभेखेरीज एरवी कुलूपबंद असतात, ती आठवड्यातून दोन संध्याकाळी वस्तीतल्या कोणालाही, सभासद असो वा नसो, गाण्यासाठी, शिवणासाठी, चित्रांसाठी मोकळी करावीत. त्यांतली एक संध्याकाळ स्त्रियांची, आणि त्या संध्याकाळी स्वयंपाक घरातल्या पुरुषांनी करायचा. तेथे भाषण नको, ठराव नको. कुलपाची किल्ली कोणाकडे राहील, एवढेच शाखांनी येत्या बैठकीत ठरवून घ्यावे.