रेवेकाठचे गाणे



गाणे कसे जन्मते, यावर मी बोलावे अशी सूचना आहे. १९९० साली सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी दिल्लीत ‘इंडियन ओशन’ हा रॉक बँड स्थापन केला. त्यातील राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनातही कार्यरत होते. खोऱ्यातील लोकांच्या कंठी असलेले गाणे त्यांनी तेथे ऐकले आणि २००० सालच्या ‘कंदिसा’ या ध्वनिमुद्रिकेत ते ‘मा रेवा’ म्हणून अवतरले. कोणा कवीने एकांतात बसून ते रचले नव्हते. ऐकणाऱ्याचा कान जागा होता, इतकेच.

हे ऐकले की मला माझी शाळेतली कवितांची वही आठवते. तिच्यात न पाहिलेला सह्याद्री होता, न पाहिलेली इंद्रायणी होती. ज्या ग्वारीघाटावर माझ्या संध्याकाळी गेल्या, त्या घाटावर मात्र एक ओळही नव्हती. जणू नर्मदा मराठीत वाहतच नव्हती!

मुलांनो, जबलपुरात मराठी टिकायची तर तिला या नदीचे पाणी लाभले पाहिजे. माझ्या वहीत राहून गेलेली ती ओळ आता तुम्ही लिहा.